द्राझेन पेत्रोविच: युरोपातल्या खेळाडूंना एनबीएत जागा मिळाली त्यामागची गोष्ट

2019 पासून 2025 पर्यंत सलग सात वर्षं एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) अमेरिकेबाहेर जन्मलेला खेळाडू ठरलाय. यानिस, योकिच, एम्बीड, मग शे गिल्जस-अलेक्झांडर. आत्ता आत्ता बास्केटबॉल बघायला लागलेल्या पोरांना यात काही विशेष वाटत नाही. पण 1989 पर्यंत एनबीएतल्या बऱ्याच लोकांचं पक्कं मत होतं की युरोपातली पोरं शूटिंग बरं करतात, पण डिफेन्समध्ये मार खातात, अंगानं कमी पडतात, इथे टिकायची नाहीत. हे मत खोडून काढणाऱ्यांत माझ्या मते सगळ्यात मोठं नाव द्राझेन पेत्रोविचचं, आणि त्याला त्यासाठी हातात मिळाली जेमतेम अडीच वर्षं.

जन्म 22 ऑक्टोबर 1964, शिबेनिक. एड्रियाटिक समुद्रकाठचं गाव, आज क्रोएशियात, तेव्हा युगोस्लाव्हियात. वडील सर्ब, पोलीस खात्यात, आई क्रोएशियन, लायब्ररीत कामाला. तेव्हा तिकडे अशी लग्नं सर्रास व्हायची आणि कुणी त्याचं काही मनावर घ्यायचं नाही, पण पुढे काय झालं ते बघता ही गोष्ट लक्षात ठेवा. मोठा भाऊ अलेक्झांडर बास्केटबॉल खेळायचा म्हणून धाकटाही खेळायला लागला आणि मग थांबलाच नाही, शाळेच्या आधी पहाटे हॉलवर जाऊन एकटाच शेकड्यांनी शॉट मारायचा.

1983 ची मॅच तर सांगायलाच पाहिजे. शिबेनिकसारख्या छोट्या गावच्या शिबेनका क्लबनं, म्हणजे द्राझेनच्या टीमनं, युगोस्लाव्ह लीगची फायनल गाठली होती, समोर सारायेवोचा बोस्ना. शेवटच्या क्षणी शिबेनका एका पॉइंटनं मागे, फाउल दिला गेला, घड्याळात वेळ संपलेली आणि फ्री थ्रो लाइनवर 18 वर्षांचा द्राझेन. दोन्ही टाकले. 83-82. गाव रात्रभर नाचलं, आणि दुसऱ्या दिवशी फेडरेशननं रेफरींगमध्ये गडबड झाली म्हणून निकालच रद्द केला, मॅच पुन्हा खेळा म्हणाले. शिबेनका खेळायला गेलीच नाही, टायटल बोस्नाला मिळालं. शिबेनिकची लोकं आजही त्या टीमलाच चॅम्पियन मानतात आणि मला त्यात काहीच चूक वाटत नाही.

मग वर्षभर सक्तीची लष्करी सेवा करून तो झाग्रेबच्या सिबोनामध्ये गेला, तिथे भाऊ आधीच होता. 1985 मध्ये अथेन्सला रियाल माद्रिदला हरवून युरोपियन कप, फायनलमध्ये याचे 36 पॉइंट. पुढच्या वर्षी सबोनिसच्या झालगिरिसला हरवून पुन्हा तोच कप. 1985 मध्येच लुब्लियानाच्या ऑलिंपियाविरुद्ध एका मॅचमध्ये 112 पॉइंट मारले, हा आकडा खूप फिरतो, पण त्या दिवशी समोर त्यांची ज्युनियर पोरं होती हेही सोबत सांगायला हवं. मला विचाराल तर त्यापेक्षा 1989 ची कप विनर्स कप फायनल बघा. तेव्हा तो रियाल माद्रिदमध्ये होता (28 वर्षांचं होईपर्यंत देशाबाहेर खेळायचं नाही असा युगोस्लाव्हियाचा नियम होता, याला त्यातून सूट मिळाली), समोर इटलीची कासेर्ता आणि त्यांच्याकडे ब्राझीलचा ऑस्कर श्मिट. ऑस्करनं 44 मारले, द्राझेननं 62, मॅच ओव्हरटाइममध्ये रियालनं काढली.

एनबीएतल्या पोर्टलंडनं त्याला 1986 च्या ड्राफ्टमध्येच (टीमा नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) घेऊन ठेवलं होतं, तेही तिसऱ्या राउंडमध्ये, 60 व्या नंबरवर. तो प्रत्यक्ष गेला 1989 मध्ये, आणि ते वर्षच वेगळं होतं, कारण त्याच सीझनला युगोस्लाव्हियातूनच दिवाच लेकर्सकडे, पास्पाल्य सॅन अँटोनियोकडे, सोव्हिएत युनियनमधून मार्चुल्योनिस गोल्डन स्टेटकडे आणि वोल्कोव्ह अटलांटाकडे आला. एका झटक्यात पाच जण. त्याच वर्षी फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेनं, प्रोफेशनल खेळाडूंना ऑलिंपिक खुलं केलं, म्हणजे ड्रीम टीमचा (1992 च्या ऑलिंपिकला गेलेली एनबीए स्टार्सची अमेरिकन टीम) रस्ताही तेव्हाच मोकळा झाला.

पण पोर्टलंडमध्ये द्राझेन बेंचवर. पुढे क्लाइड ड्रेक्सलर, टेरी पोर्टर, टीम चांगली चाललेली, 1990 ची फायनलही खेळली, कोचला काही बदलायची गरजच नव्हती. पहिल्या सीझनला मॅचमागे बारा-साडेबारा मिनिटं मिळाली. दुसऱ्या वर्षी पोर्टलंडनं डॅनी एंज आणला आणि मग सात मिनिटं. ज्या माणसानं युरोपच्या फायनलमध्ये 62 मारलेत त्याला सात मिनिटं! त्या काळात तो रोज रात्री दिवाचला फोन करायचा, दोघं नॅशनल टीममधले जिगरी दोस्त, परक्या देशात एकमेकांचाच आधार. इथे बरेच जण बॅग भरून परत गेले असते आणि युरोपात पुन्हा राजासारखे राहिले असते, पास्पाल्य तर एका सीझननंतर परत गेलाच. द्राझेननं ट्रेड मागितला, म्हणजे मला दुसऱ्या टीमला द्या म्हणाला. जानेवारी 1991 मध्ये तो न्यू जर्सी नेट्सला गेला.

मग जे झालं ते आकड्यांतच बघा. 1991-92 मध्ये मॅचमागे 20.6 पॉइंट, 1992-93 मध्ये 22.3, थ्री पॉइंटरचं शूटिंग जवळपास 45 टक्के, आणि हे त्या काळात जेव्हा गार्डला हातानं अडवून ढकलून खेळणं चालायचं. जानेवारी 1993 मध्ये ह्यूस्टनविरुद्ध 44 मारले. त्या सीझनला ऑल-एनबीए थर्ड टीममध्ये, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम पंधरा जणांत, आला, तरी ऑल-स्टार मॅचला मात्र बोलावलं नाही, आणि ते त्याला फार लागलं. बरोबरच होतं त्याचं.

हे सगळं चालू असताना घरी देश फुटत होता, क्रोएशियाला युगोस्लाव्हियातून वेगळं व्हायचं होतं. ऑगस्ट 1990 मध्ये ब्युनोस आयर्सला युगोस्लाव्हियानं सोव्हिएत युनियनला हरवून वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, लोक कोर्टवर धावले, त्यात एकाच्या हातात क्रोएशियाचा झेंडा होता. दिवाचनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. दिवाच सर्ब. त्याचं म्हणणं होतं की ही सगळ्या युगोस्लाव्हियाची जीत आहे, कुठलाही झेंडा असता तरी मी हेच केलं असतं. पण क्रोएशियात ते अपमान म्हणूनच घेतलं गेलं आणि द्राझेननं त्याच्याशी बोलणं तोडलं. सप्टेंबर 1991 मध्ये शिबेनिकवर तोफा चालल्या, गावच्या जुन्या कॅथेड्रलच्या घुमटाला गोळा लागला. अशा वेळी तिकडे न्यू जर्सीत हा रोज मॅच खेळत होता. दोघांतलं बोलणं पुन्हा कधी सुरू झालंच नाही. कोण बरोबर कोण चूक हे इतक्या लांबून ठरवायला मी जाणार नाही, पण ज्या घरात बाप सर्ब आणि आई क्रोएशियन त्या घरातल्या पोराला हे किती जड गेलं असेल याचा विचार केल्याशिवाय राहवत नाही.

1992 ला बार्सिलोना. क्रोएशिया पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं उन्हाळी ऑलिंपिकमध्ये. सेमीफायनलला माजी सोव्हिएत देशांच्या संयुक्त टीमला 75-74 असं हरवलं, शेवटचे फ्री थ्रो द्राझेनचेच. फायनलला समोर जॉर्डन, मॅजिक, बर्ड. पहिल्या हाफमध्ये क्रोएशिया 25-23 नं पुढे होती, ड्रीम टीमवर लीड घ्यायची म्हणजे काय ते त्या स्पर्धेचे बाकी स्कोअर बघितले की कळतं. शेवटी 117-85 हरले, द्राझेनचे 24. जॉर्डनसमोर तो एकदाही बिचकला नाही, शॉट घेतच राहिला.

7 जून 1993. पोलंडमध्ये नॅशनल टीमच्या क्वालिफायर मॅच संपवून सगळे परत निघाले, फ्रँकफर्टला टीमनं झाग्रेबचं विमान पकडलं आणि हा मैत्रिणीसोबत कारनं निघाला. बव्हेरियात इंगोलश्टाटजवळ, डेंकेनडॉर्फपाशी, पावसात एक ट्रक डिव्हायडर तोडून आडवा आला. द्राझेन पुढच्या सीटवर झोपलेला होता, बेल्ट नव्हता. वय 28.

नेट्सनं त्याच वर्षी त्याची 3 नंबरची जर्सी रिटायर केली (तो नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही), 2002 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, सिबोनाच्या हॉलला त्याचं नाव आहे. 2001 ला क्रोएशियाचा टेनिसपटू गोरान इवानिसेविच विम्बल्डन जिंकून स्प्लिटला परतला तेव्हा त्या अफाट गर्दीत त्यानं अंगात द्राझेनची जर्सी घातली होती. एनबीएतलं त्याचं करिअर थ्री पॉइंट शूटिंग 43.7 टक्के, आजही ऑल-टाइम यादीत अगदी वरच्या मोजक्या नावांत. आणि क्रोएशियाच्या पुरुषांच्या टीमला त्याच्यानंतर लगेचच्या वर्षांत तीन ब्राँझ मिळाली, शेवटचं 1995 च्या युरोबास्केटला. त्यानंतर ऑलिंपिक, वर्ल्ड किंवा युरो, एकाही स्पर्धेत मेडल नाही.