घोळणा फुटतो की गुडघा सुजतो?

रक्त लवकर थांबत नाही म्हटलं की लोक लगेच ‘हिमोफिलिया’ म्हणून मोकळे होतात. पण मुलीची पाळी दहा-दहा दिवस चालते, सारखा घोळणा फुटतो, जरा कुठे आपटलं की काळंनिळं पडतं, तर आधी शंका घ्यावी ती व्हॉन विलेब्रँड या आजाराची. नाव अडखळायला लावणारं, पण आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजारांत सर्वांत जास्त आढळतो तो हाच.

पाट फुटला की शेतकरी आधी दगडगोटे लावतो, मग चिखलाने लिंपतो. रक्तवाहिनी फुटली की शरीरही तेच करतं: आधी प्लेटलेट (रक्तातल्या बारीक चिकट पेशी) भोक बुजवतात, मग क्लॉटिंग फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिनं, फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणून ते पक्कं करतात.

हिमोफिलियात दगड बसतात, लिंपण होत नाही. ‘ए’ प्रकारात फॅक्टर ८ कमी, ‘बी’त ९. म्हणून दात काढल्यावर रक्त थांबल्यासारखं वाटतं आणि मध्यरात्री उशी भिजते. खरा त्रास मात्र आतला. नुकत्याच चालू लागलेल्या मुलाचा गुडघा फुगतो, गरम लागतो, पोर पाय टेकवत नाही. आणि घरचे ‘मुरगळला असेल’ म्हणत तेल चोळतात. तेवढं करू नका, आत रक्त साठत असतं. दोष एक्स गुणसूत्रावर आणि मुलग्यांत ते एकच, म्हणून बहुतेक रुग्ण मुलगे. घराण्यात कुणालाच नव्हतं, हेही सुमारे तिघांत एकाच्या बाबतीत खरं असतं.

व्हॉन विलेब्रँडमध्ये दगडच काठाला धरत नाहीत, कारण प्लेटलेट चिकटवणारं प्रथिन कमी किंवा सदोष असतं. रक्त येतं ते नाक, हिरड्या, गर्भाशयातून. हा मुलामुलींना सारखाच होतो. १९२६ साली फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रँड यांनी ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातला हा आजार मांडला. ज्या मुलीपासून शोध सुरू झाला, ती पुढे पाळीच्या रक्तस्रावानेच दगावली.

घोळ होतो तो इथे: हेच प्रथिन फॅक्टर ८ लाही सांभाळतं. त्यामुळे आजार तीव्र असला की फॅक्टर ८ ही घसरतो, सांधे सुजतात, चित्र हिमोफिलियाचंच दिसतं. उलट सौम्य आजारात प्लेटलेटची संख्या ठीक, रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी एपीटीटी चाचणीही बऱ्याचदा ठीक. त्या प्रथिनाची वेगळी तपासणी सांगावी लागते. ती सांगायचं सुचतं केव्हा? आईला तिच्या पाळीबद्दल विचारलं आणि ती म्हणाली, “आमच्याकडे सगळ्यांनाच असं होतं,” तेव्हा.