गॅस स्वच्छ जळतो म्हणून फ्युएल सेलला थेट चालतो?

“नॅचरल गॅस स्वच्छ इंधन आहे, निळा जळतो, फ्युएल सेलला डायरेक्ट जोडा” असं बरीच वर्षं फिरतंय. (फ्युएल सेल म्हणजे इंधन न जाळता रासायनिक क्रियेने वीज बनवणारं यंत्र.) असं वाटणं साहजिक आहे, काजळी दिसतच नाही ना.

पण मुळात या गॅसला वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टनसारखा वासाचा पदार्थ मुद्दाम घालतात आणि त्यातच सल्फर असतं. शेगडीला त्याने काही होत नाही, पण फ्युएल सेलच्या रिफॉर्मरमधल्या (गॅसपासून हायड्रोजन काढणाऱ्या भागातल्या) निकेलला ते चिकटून बसतं, जागा अडवतं आणि हळूहळू कॅटॅलिस्ट (क्रियेला वेग देणारा पदार्थ, इथे हे निकेल) निकामी होतो, दहा लाखात एखादा भाग एवढं सल्फरसुद्धा पुरतं!

म्हणून आधी सल्फर काढायचं. एकतर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन किंवा झिओलाइटमध्ये (बारीक छिद्रांचं खनिज) शोषून, नाहीतर साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसवर हायड्रोजनने त्याचं हायड्रोजन सल्फाइड करून मग झिंक ऑक्साइडमधून न्यायचं, तिथे झिंक सल्फाइड होऊन ते अडकतं.

तपासायचं कसं? लेड अ‍ॅसिटेटचा कागद हायड्रोजन सल्फाइडने काळा पडतो, पण मरकॅप्टनला पडत नाही, म्हणून नुसत्या कागदावर विसंबू नका. दोन फिल्टर ओळीने लावून मधल्या गॅसचं एकूण सल्फर मोजा, तिथे दिसायला लागलं की पहिला भरला.