ट्रेसबॅक आणि ट्रेस: एरर आल्यानंतर काय, येण्याआधी काय

आर ही प्रोग्रामिंग भाषा शिकवताना एक तक्रार वरचेवर ऐकू येते: "एरर आली म्हणून ट्रेस चालवलं, पण एरर कुठे आली ते सांगेचना." सांगणार कसं? ते काम ट्रेसबॅकचं. नावं इतकी सारखी आहेत की गल्लत व्हायचीच.

खर्चाची एक सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) घ्या. रकमा आपल्या पद्धतीने लिहिलेल्या, 1,25,000 किंवा 98,000 अशा. या स्वल्पविरामांमुळे आर तो अख्खा रकाना आकडे म्हणून नाही, मजकूर म्हणून वाचतो. त्याचा थेट लॉग (लॉगॅरिदम) घेतलात की एरर येते आणि काम थांबतं. आता ट्रेसबॅक चालवा:

3: लॉगघे(रक्कम)
2: सारांश(खर्च)
1: अहवाल(फाइल)

हे खालून वर वाचायचं. ही आपलीच तीन फंक्शन्स: अहवालने सारांशला बोलावलं, सारांशने लॉगघेला, आणि तिथे गाडी अडली. आधी काही पेरावं लागत नाही. मात्र ट्रेसबॅक शेवटच्या न पकडलेल्या एररचाच माग ठेवतो. ट्रायकॅचने (एरर झेलणाऱ्या फंक्शनने) पकडलेली एरर त्यात येत नाही, नुसती वॉर्निंगही नाही. पुढची एरर येईपर्यंत जुनाच माग तसाच राहतो, त्यामुळे तासाभरापूर्वीची यादी आत्ताची समजून डोकं फोडणारे मी पाहिले आहेत.

आणखी एक खाचखळगा. आर आर्ग्युमेंटची (फंक्शनच्या कंसात दिलेल्या गोष्टीची) किंमत लागेल तेव्हाच काढतो. म्हणून एका फंक्शनच्या कंसात दुसरं लिहिलं असेल, तर आतलं फंक्शन यादीत बाहेरच्याच्या वर दिसू शकतं, जणू बाहेरच्यानेच त्याला आपल्या पोटातून बोलावलं. असं दिसलं तर घाबरू नका, यादी बरोबरच असते.

आता खरी अवघड वेळ. कुणीतरी त्याच रकमा अ‍ॅज-न्यूमेरिकने आकड्यांत बदलल्या, वॉर्निंग सप्रेस-वॉर्निंग्जने दाबली आणि बेरीज करताना एनए (किंमत नाही अशी आरची खूण) गाळायला सांगितलं. 1,25,000 चं एनए झालं, 850 मात्र तसेच राहिले. एरर नाही, बेरीज छान छापून येते, आणि त्यात फक्त हजाराखालच्या रकमा. माझ्या मते एररपेक्षा हे कितीतरी घातक, कारण इथे कुणी थांबतच नाही. ट्रेसबॅकलाही दाखवायला काही नसतं.

इथे ट्रेस लागतो. तो फंक्शनमध्ये आपला कोड पेरतो: आत शिरताना, बाहेर पडताना किंवा मधल्या ठरावीक पायरीवर. रकमा बदलणाऱ्या साफकर या फंक्शनच्या एक्झिटवर "किती एनए झाले ते छाप" असं क्वोट करून (म्हणजे लगेच न चालवता) पेरा. रकान्यात 40 रकमा आणि एनए 31 असं दिसलं की चोर सापडला. मूळ फाइलला हातही लावावा लागत नाही. दुसऱ्याच्या पॅकेजमधलं फंक्शन तपासताना याचं मोल कळतं.

मधली पायरी निवडताना फंक्शनच्या बॉडीची (आतल्या कोडची) लिस्ट करून क्रमांक बघा. महिरपी कंस हीच पहिली पायरी धरली जाते, म्हणून तुमची पहिली ओळ 2 क्रमांकावर येते. काम झालं की अनट्रेस करा, नाहीतर प्रत्येक वेळी पडद्यावर छपाई होत राहील. आणि स्वतःचं फंक्शन दुरुस्त करून पुन्हा सोर्स केलंत (त्याची फाइल परत चालवलीत), तर पेरलेला ट्रेस पुसला जातो. तो नव्याने पेरा.