नर्सिंगमधली डॉक्टरेट : पीएचडी आणि डीएनपीच्या वाटा कुठे फुटल्या?

एम.एस्सी. नर्सिंग करून अमेरिकेला निघालेल्यांपुढे संशोधनाची पीएचडी घ्यावी की रुग्णसेवेची डीएनपी (डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस), हा प्रश्न येतोच. आणि बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, "यातली मोठी कुठली?" खरं तर या पदव्या दोन वेगळ्या गरजांतून आल्या आहेत.

१९२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात परिचारिकांसाठी डॉक्टरेटची सोय झाली, पण ती शिक्षणशास्त्रातली. पुढेही कितीतरी जणींनी समाजशास्त्र, मानसशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र अशा परक्या अंगणात पीएचडी केली. रुग्णसेवेत संशोधन करण्यासारखं काय आहे, असा अनेक विद्यापीठांचा सूर होता. म्हणून नर्सिंगच्या शाळांनी स्वतःची पदवी काढली. १९६० मध्ये बोस्टन विद्यापीठाने डीएनएस (डॉक्टर ऑफ नर्सिंग सायन्स) सुरू केली. तिचा रोख प्रत्यक्ष रुग्णसेवेवर असायचा होता. पण मान मिळवायचा तर प्रबंध पीएचडीच्या तोडीचा हवा, आणि तसं करता करता दोन्हींत फरकच उरला नाही. बहुतेक ठिकाणी डीएनएसची सरळ पीएचडी झाली. १९७९ मध्ये केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने एनडी (डॉक्टर ऑफ नर्सिंग) नावाच्या पदवीचा आणखी एक प्रयोग केला, तोही फारसा पसरला नाही.

म्हणजे रुग्णसेवेची डॉक्टरेट हवी ही मागणी जुनीच. दरम्यान नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे रुग्ण तपासून उपचार ठरवणाऱ्या परिचारिकेचा, मास्टर्सचा अभ्यासक्रम फुगत गेला आणि फार्मसी, फिजिओथेरपीवाले स्वतःच्या डॉक्टरेट देऊ लागले. २००१ मध्ये केंटकी विद्यापीठात पहिली डीएनपी सुरू झाली. २००४ मध्ये अमेरिकेतल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने ठराव केला, की २०१५ पर्यंत प्रगत रुग्णसेवेची तयारी डीएनपीच्या पातळीवर न्यावी. ती मुदत टळली. भूल देणाऱ्या परिचारिकांच्या अभ्यासक्रमात मात्र २०२२ पासून नवा प्रवेश डॉक्टरेटलाच मिळतो.

फरक वॉर्डात नीट दिसतो. कॅथेटर (रुग्णाच्या शरीरात घातलेली नळी) गरजेपेक्षा जास्त दिवस राहिला की जंतुसंसर्ग वाढतो, हे सिद्ध झालेलं आहे. डीएनपीची विद्यार्थिनी तो रोज तपासून वेळेत काढण्याची पद्धत एका वॉर्डात बसवेल आणि संसर्ग घटला का ते मोजेल. पीएचडीवाली विचारेल, काढायची वेळ झाली हे दिसत असूनही परिचारिका डॉक्टरांना सांगायला का कचरते? याचं उत्तर अजून कुणाच्या हाती नसेल, तर ते शोधणं हाच तिचा प्रबंध.

गंमत अशी, की डीएनपी घेतलेल्या अनेक जणी आज शिकवतात, जे त्या पदवीचं मूळ कामच नव्हतं. आणि पीएचडीला येणाऱ्यांची संख्या घटते आहे. उद्याचं संशोधन कोण करणार, ही काळजी मला रास्त वाटते.

आपल्याकडे दिल्लीचं राजकुमारी अमृत कौर नर्सिंग कॉलेज असो की नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नर्सिंगमधली डॉक्टरेट म्हणजे पीएचडी. परतून इथे प्राध्यापकी करायचा बेत असेल, तर डीएनपी तिच्या बरोबरीची धरली जाईल असं गृहीत धरू नये. प्रवेश घेण्याआधीच लेखी विचारून घ्यावं.