"सातबारा माझ्या नावावर, मग झाड तोडायला परवानगी कशाला?"

स्वतःच्या जमिनीतलं झाड कधीही तोडा, कुणाला विचारायची गरज नाही, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला पटतंही, कारण जमीन आपली, झाड आपल्या आजोबांनी लावलेलं.

पण महाराष्ट्रात 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे आणि तो खाजगी जमिनीलाही लागू होतो. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन, किंजळ, चंदन अशी झाडं आहेत. यातलं काही तोडायचं तर आधी लेखी परवानगी काढावी लागते, मग सातबारा कुणाच्याही नावावर असो. निलगिरी, सुबाभूळ या यादीत नाहीत, आणि बहुतेक याच्यामुळेच गोंधळ होतो, शेजाऱ्याने बिनदिक्कत सुबाभूळ तोडली की आपल्याला वाटतं सागही चालेल. शहरात नियम वेगळा, तिथे 1975 चा शहरी झाडांचा कायदा, आणि त्यात अशी ठराविक जातींची यादीच नाही, तो सगळ्याच जातींच्या झाडांना लागू होतो.

लोक अडकतात ते पुढच्या टप्प्यात. तोडायची परवानगी मिळाली म्हणजे ट्रक भरायचा असं नाही! सागाचा माल हलवायला वाहतूक पास वेगळा लागतो, ओंडक्यांवर वनखात्याच्या हातोड्याची खूण उमटते, ती पासशी जुळली नाही तर नाक्यावर माल अडकतो आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं, म्हणून व्यापारी "कागदपत्रं मी बघतो" म्हणाला तरी पास स्वतः वाचा.

खात्री करायला कायद्याची अनुसूची उघडून आपल्या झाडाचं नाव शोधा, आणि ते सापडलं तर करवत लावायच्या आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करा.