विम्याचा कागद जमिनीवर, धोका समुद्रात

सागरी विम्याचा दावा कोणत्या कोर्टात चालवायचा, या वादाचं मूळ इंग्लंडच्या 1389 आणि 1391 च्या दोन कायद्यांत आहे. समुद्रावरचे तंटे सोडवणाऱ्या ॲडमिरल्टी कोर्टाने जमिनीवर झालेल्या व्यवहारांत पडू नये, असं त्या कायद्यांनी बजावलं. पॉलिसीवर सही होते लंडनमध्ये, जहाज बुडतं भर समुद्रात. कॉमन लॉ कोर्टांनी, म्हणजे इंग्लंडच्या जमिनीवरचे नेहमीचे दावे चालवणाऱ्या कोर्टांनी, सहीची जागा पाहिली आणि दावे आपल्याकडे ओढून घेतले. 1601 मध्ये विम्यासाठी वेगळं कोर्ट निघालं, त्यात व्यापारीही न्यायनिवाड्याला बसत. पण तिथे निकाल लागल्यावरही कॉमन लॉ कोर्टात पुन्हा दावा लावता येई. ते कोर्ट ओस पडलं.

अमेरिकेत मात्र 1815 मध्ये न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी उलट कौल दिला. करार कुठे झाला हे गौण, तो कशाबद्दल आहे हे महत्त्वाचं. विमा समुद्रातल्या धोक्याचा, म्हणून दावा ॲडमिरल्टीचा. मला हाच विचार पटतो.

मुंबईच्या वाट्याला आला तो इंग्लंडचा वारसा. 1890 च्या वसाहतींसाठीच्या कायद्यामुळे आपल्या हायकोर्टाचा ॲडमिरल्टी अधिकार इंग्लंडच्या जुन्या मर्यादेतच अडकला, आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं तसाच राहिला. ती गाठ सुटली गोव्यातून निघालेल्या एका जहाजामुळे. 1984 मध्ये ‘एलिझाबेथ’ मार्मागोवा बंदरातून माल घेऊन गेलं, पुढे विशाखापट्टणमला अडकवलं गेलं. परदेशी मालकाच्या जहाजाला अटक करण्याचा अधिकार आंध्र हायकोर्टाला आहे का, असा प्रश्न उभा राहिला. 1992 मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘आहे’ म्हटलं, आणि आपली हायकोर्टं इंग्लिश कायद्यांच्या चौकटीत बांधलेली नाहीत हेही स्पष्ट केलं.

विम्याची पाळी त्यानंतर आली. एका परस्पर विमा क्लबने, म्हणजे एकमेकांचा विमा उतरवणाऱ्या जहाजमालकांच्या संस्थेने, थकलेल्या हप्त्यांसाठी ‘सी सक्सेस 1’ या जहाजाविरुद्ध मुंबई हायकोर्टात दावा लावला. थकलेला हप्ता ही जहाजाच्या ‘आवश्यक पुरवठ्या’ची, म्हणजे जिच्यासाठी जहाज अडकवता येतं अशी, बाकी मानता येईल का? खंडपीठाने नाही म्हटलं. 2003 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. विम्याशिवाय जहाजाला बंदरोबंदरी व्यवहार करणंच अवघड, तेव्हा विमा इंधनाइतकाच गरजेचा, हा विचार मला व्यवहाराला धरून वाटतो. इंग्लंडमध्ये मात्र थकलेल्या हप्त्यासाठी जहाज अडकवण्याची वाट तिथल्या कोर्टांनी बंदच ठेवली होती.

आपल्याकडे 2017 च्या ॲडमिरल्टी कायद्याने विम्याचा हप्ता थेट सागरी दाव्यांच्या यादीत घातला. 1 एप्रिल 2018 पासून तो लागू आहे. पण यादीत आहे तो फक्त हप्ता. जहाज किंवा माल बुडाल्यावर भरपाईसाठी विमा कंपनीवर लावायचा दावा तिथे नाही. तो दिवाणी किंवा व्यावसायिक कोर्टात, काही वेळा ग्राहक आयोगात जातो. म्हणजे एकाच पॉलिसीतून कंपनीला जहाज अडकवता येतं, विमेदाराला मात्र दुसरं दार ठोठवावं लागतं.