‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा

इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून बसलेला आहे: ‘रिमूव्ह टू’. ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक’ हे वाक्य द्यायचं आणि ‘द टी इज सो हॉट दॅट वी कॅनॉट ड्रिंक इट’ असं करून घ्यायचं. पहिल्या टूच्या जागी सो, दुसऱ्याच्या जागी दॅट, मग कर्ता, मग कॅनॉट. शेवटचं ‘इट’ विसरलात तर अर्धा मार्क गेला. कॅनॉट आलं कुठून, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. दिलेल्या वाक्यात तर नकाराचा मागमूस नाही.

नकार आहे तो पहिल्या टूच्या पोटात. हा टू म्हणजे नुसतं ‘खूप’ नव्हे, ‘हवं त्यापेक्षा जास्त’. आपली गल्लत इथेच होते, कारण मराठीत ‘फार’ दोन्हीकडे चालतं. ‘चहा फार छान झालाय’ ही शाबासकी, ‘चहा फार गोड झालाय’ ही तक्रार.

देवनागरीत लिहिताना हे दोन टू सारखेच दिसतात आणि वाचणारा वैतागतो. पण इतिहास देवनागरीच्या बाजूने आहे. जुन्या इंग्रजीत हा एकच शब्द होता. ‘कडे’ सांगणारा तोच, ‘शिवाय’ आणि ‘अति’ सांगणाराही तोच. जोर देऊन उच्चारल्या जाणाऱ्या टूला दुसरा ओ सोळाव्या शतकात कायमचा चिकटला आणि एका शब्दाचे दोन झाले.

सोचं मूळही असंच गमतीचं. जुन्या इंग्रजीतला ‘स्वा’ म्हणजे ‘असं’, ‘तसं’. त्याच्यामागे ‘ऑल’ लागून ‘ऑल्सो’ झाला आणि तोच झिजत झिजत ‘अ‍ॅज’ झाला. ‘सच’ म्हणजे मुळात ‘स्वा’ अधिक ‘सारखं’, म्हणजे आपलं ‘असलं’. म्हणून ‘सो हॉट’ पण ‘सच अ हॉट डे’: सचला पुढे नाम लागतं. रीत सांगणारा शब्द प्रमाण सांगू लागतो, हे आपल्याला नवं नाही. ‘असा पाऊस पडला की ओढ्याला पूर आला’ यातला ‘असा’ पावसाची तऱ्हा सांगत नाही, जोर सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानातल्या ‘गॉड सो लव्ह्ड द वर्ल्ड, दॅट...’ या १६११च्या बायबलमधल्या वाक्यात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेत. तिथल्या ग्रीक शब्दाचा पहिला अर्थ ‘अशा रीतीने’. मराठी बायबलने मात्र ‘एवढी प्रीती केली की’ असं प्रमाण निवडलं.

म्हणजे ‘सो... दॅट’ ही रचना फार जुनी. नियम म्हणून तिला शाळेत बसवलं ते व्याकरणकारांनी. लिंडली मरे या अमेरिकेतून येऊन यॉर्कजवळ राहिलेल्या गृहस्थाचं इंग्रजी व्याकरण १७९५ साली निघालं. त्यात ‘सो – दॅट’ ही परिणाम दाखवणारी जोडी म्हणून दिली आहे आणि उदाहरण आहे ते इतक्या थकलेल्या माणसाचं, की त्याला जेमतेम हलवतं. इतकं कंटाळवाणं उदाहरण दोनशे वर्षं टिकतं, हीही कमालच.

आपल्याकडे तिला रूपांतराच्या कवायतीत घट्ट बसवलं ‘रेन अँड मार्टिन’ने. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. पुढे फ्रेंच फौजेच्या साहसकथांनी त्यांचं नाव झालं. १९३०च्या दशकातल्या त्यांच्या जाडजूड व्याकरणात वाक्यरूपांतराचं प्रकरण उघडतं तेच टूने. ‘द न्यूज इज टू गुड टू बी ट्रू’ तिथून कितीजणांनी घोकलं असेल!

या कवायतीने आपल्याला ‘इतका... की’चं वळण लावलं. एरवी घरात कोण म्हणतं, ‘पेटी इतकी जड आहे की मी ती उचलू शकत नाही’? आपण म्हणतो, ‘उचलवत नाही इतकी जड’. परिणाम आधी, प्रमाण मागून. आणि ‘शकत नाही’चं काम क्रियापदातला ‘वत’ परस्पर उरकतो. किंवा नुसतं ‘जरा जास्तच जड आहे’. त्या ‘च’मध्ये इंग्रजांचा अख्खा टू मावतो.

आणि टूसुद्धा नियमात राहिलेला नाही. शेक्सपिअरचा हॅम्लेट ‘टू टू’ असा दुहेरी टू लावतो. इकडे कॉलेजच्या कट्ट्यावर वडापाव ‘टू गुड’ असतो. त्याचं ‘सो गुड दॅट वी कॅनॉट ईट इट’ करून बघा.